कळलावीला कानडीत काय म्हणतात

माझ्या नातसुनेनं परवा एक वेल विकत आणली. गच्चीत कुंडी, कुंडीत बांबूची काठी, आणि रोपाच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर लांबलचक परदेशी नाव. मी चष्मा लावला, पानाचं टोक बोटात धरून पाहिलं आणि म्हटलं, अगं, ही तर कळलावी. कुंपणावरची. ती म्हणाली, "आजी, शोभेची आहे ही." असेल बाई. कुंपणावर होती तेव्हाही दिसायला अशीच होती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ह्या वेलीच्या पानाचंच टोक लांब होतं, वळतं, त्याची कडी होते, आणि ती कडी समोर सापडेल ते धरते. काटा असो, काठी असो, वाळत घातलेलं लुगडं असो. फूल खाली तोंड करून उमलतं, पाकळ्या मात्र वर उलटतात, कडेला चुण्या पडलेल्या. आधी हिरवट पिवळं, मग टोकाला तांबडं, आणि जाताना सगळंच तांबडं. पावसाळ्यात येते, दिवाळीच्या पुढं वाळून जाते, कंद तेवढा जमिनीत राहतो. कंद विषारी. लेकरांचा हात लागू द्यायचा नाही, एवढं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं माहेर मैंदर्गीचं. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही. रानांना तेव्हा फड्या निवडुंगाची कुंपणं असायची. पुढं त्याला पांढरी कीड लागली आणि सगळा निवडुंग गेला, पण मी सांगते ते त्याच्या आधीचं. त्या निवडुंगावर ही वेल चढायची. आमच्या आईला तिचा भारी सोस. तिनं एक कंद खणून आणला आणि परसात न्हाणीच्या भिंतीशी लावला. कानडीत तिला अक्कतंगी बळ्ळी म्हणतात. अक्का म्हणजे थोरली बहीण, तंगी म्हणजे धाकटी, बळ्ळी म्हणजे वेल. का म्हणतात ते आई कंद दाखवून सांगायची. कोपरात वाकवलेल्या हातासारखा असतो तो, दोन हात एका जागी जोडलेले. ही तू, ही अक्का, असं ती म्हणायची, आणि मग स्वतःचे हात राखेनं घासून घासून धुवायची.

अक्काला सोलापुरात दिली होती. दोन वर्षांनी तिच्याच धाकट्या दिराला मला दिली. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा. लोकांना वाटतं, काय सुख असेल. सुख होतंच, पण बहिणींची भांडणं काही लग्नात माहेरी ठेवून येत नाहीत. अक्काला सगळं जागच्या जागी लागे आणि माझा हात पसरट. ती माझ्या मागं मागं उचलत फिरे आणि बोलत फिरे. सासूबाई मला सांगायच्या की आता ती तुझी जाऊ, जाऊबाई म्हण. माझ्या तोंडात ते कधी बसलं नाही.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. दिवसकार्य आटोपून निघताना भावानं अक्काला विचारलं, आईचं काय देऊ? आईचं असं होतं तरी काय, चार लुगडी, ती भावजयीकडंच राहिली. अक्कानं न्हाणीच्या भिंतीशी उकरायला लावलं आणि कंद फडक्यात बांधून घेतला. सोलापूरला आल्यावर परसातल्या भिंतीशी पुरला. सासूबाईंनी विचारलं तेव्हा फुलझाड आहे एवढंच सांगितलं. अक्का रडणारी नव्हती. आईसाठी तिनं डोळ्याला पदर लावलेला मी पाहिला नाही. पण मृग लागल्यावर रोज सकाळी भांडी घासायच्या आधी ती भिंतीशी जाऊन जमीन बघून येई, आणि कोंब वर आला त्या दिवशी तिनं मला शेजारी बसवून जेवायला वाढलं, नाहीतर आम्ही उभ्यानंच आटपायचो.

श्रावणात पहिलं फूल आलं आणि सासूबाईंनी ओळखलं. सासूबाई बार्शीकडच्या. सोलापुरात उभा जन्म गेला तरी कानडीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, कारण बाजारहाट आधी सासरे करीत आणि ते गेल्यावर मुलं. फूल पाहून त्या दोन पावलं मागं सरल्या.

"ही कळलावी. ही कुणी आणली दारात? कळ लावते ही घरात, भांडणं लावते."

अक्का म्हणाली, आत्याबाई, आमच्याकडं हिला असं म्हणत नाहीत. काय म्हणतात तेही सांगितलं, आणि वेल आमच्या आईची आहे तेही. सासूबाई म्हणाल्या, तुमच्याकडं साखरेला मीठ म्हणत असतील, ती गोड लागायची राहते का? तेवढ्यात शेजारची सुईण काही मागायला आली होती. ती म्हणाली, कळ म्हणजे ती कळ नव्हे हो, बाळंतपणाची कळ, म्हणून ते नाव. सासूबाई म्हणाल्या, दोन्हींत आरडाओरडा आलाच की.

संध्याकाळी जेवताना थोरल्या भावजींनी बायकोची बाजू घेतली. आईसमोर त्यांनी बाजू घेतलेली मी तेवढी एकदाच पाहिली. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर ते आमच्या दुकानातलं धान्य पोचवायला जात. म्हणाले, "आई, साहेबानं हीच वेल फाटकाच्या कमानीवर चढवलीय. खास माळी ठेवलाय. तिथं कुणी भांडत नाही."

"तिथं दोन माणसं आणि दहा खोल्या. भांडायला गाठ तरी पडते का? आणि भांडले तरी इंग्रजीत भांडणार. आपल्याला काय कळतंय ते?"

एवढं बोलून सासूबाईंनी निकाल दिला. वेल आईची आहे म्हणून आज उपटत नाही. पण ह्या घरात ज्या दिवशी पहिला तंटा होईल, त्या दिवशी खुरपं घालणार. मग कुणी मला आई दाखवू नये, बाप दाखवू नये. सासूबाई बोललेलं मोडत नसत. एकदा रागानं गुळाचा चहा पिणार नाही म्हणाल्या, ते मरेपर्यंत प्याल्या नाहीत.

झालं. आता आम्ही दोघी, एक चूल, एक न्हाणी, आणि भांडायचं नाही. वेलीचं जगणं माझ्या पसाऱ्यावर आणि अक्काच्या जिभेवर आलं. दोन दिवस आम्ही मुक्यासारख्या वावरलो. तिसऱ्या दिवशी मी ताकाचं भांडं उघडं टाकलं आणि मांजरानं तोंड घातलं. अक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. ओसरीवर सासूबाई. अक्कानं माझ्याकडं वळून इतकं गोड हसून पाहिलं की मी घाबरलेच. आणि हसत हसत, कानडीत, मंगळागौरीचं आमंत्रण द्यावं अशा आवाजात मला सांगितलं की तुझ्यासारखी गूबी आईच्या पोटी कशी आली कोण जाणे, देवानं डोकं देताना तू झोपली होतीस.

साहेबाच्या इंग्रजीवरून तिला ते सुचलं होतं. मी पण हसले आणि हसत उलट उत्तर दिलं, की तुझी जीभ पाट्यावर ठेवली तर वेगळा वरवंटा लागणार नाही.

त्या दिवसापासून आमचं तेच चाललं. भांडायचं ते कानडीत आणि तोंडावर हसू ठेवून. लोक म्हणतात, हसलं की राग जातो. तसं काही नाही. राग राहतोच, गाल तेवढे दुखतात. दोघे भाऊ दुकानापुरतं कानडी जाणत, पण ते दिवसभर दुकानात. एकदा आमच्या घरचे दुपारीच जेवायला आले, आणि आम्ही दोघी डाळ निवडत हसत हसत एकमेकींचा उद्धार करत होतो. त्यांना ठसका लागला, तो पाणी पिऊनही जाईना. तसेच बाहेर गेले. पण बोलले नाहीत कुणाला.

दुसरी कानडी जाणणारी म्हणजे दूधवाली. होटगीच्या वाटेवर तिची वस्ती होती. पूर्वी ती मापटं ओतून लगेच पुढं जायची. त्या श्रावणापासून ती आमच्या ओट्यावर पाय मोकळे करत बसू लागली. पदरानं तोंड पुसायची, सारखं. आत आम्ही सुरू झालो की तिचं तोंड जास्तच पुसून व्हायचं.

सासूबाईंना मात्र सुनांचं फार कौतुक वाटू लागलं. कुणी आलं की सांगायच्या, दिवसभर हसून बोलतात. एक दिवस त्यांनी विचारलं, "सारखं गूबी गूबी काय असतं गं तुमचं?"

आता हे नीट सांगायला हवं. कानडीत गुब्बी म्हणजे चिमणी. आणि गूबी म्हणजे घुबड. बावळट माणसालाही आमच्याकडं गूबीच म्हणतात. एक आघात इकडचा तिकडं झाला की चिमणीचं घुबड होतं. अक्का पोळी लाटत होती, तिचा हातसुद्धा थांबला नाही. म्हणाली, "चिमणी, आत्याबाई. लाडानं म्हणतो."

सासूबाईंना तो शब्द फार आवडला. त्या मला गूबी म्हणू लागल्या, अक्काला गूबी म्हणू लागल्या, खुशीत असल्या की दुधाला येणाऱ्या मांजरालाही. आम्ही ओ देत होतो. दुसरं करणार काय?

इकडं वेल भिंतीवर चढली आणि पलीकडं उतरली. ऊन पलीकडं होतं, तेव्हा फुलंही पलीकडंच धरली. पलीकडं एक विधवा बाई आणि तिचा लेक-सून राहत. त्या साली त्यांच्याकडं रोज काही ना काही वाजायचं. गौरीच्या आधी लेकानं गिरणीजवळ खोली घेतली आणि बायकोला घेऊन वेगळा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आमच्या दारात आली. दूधवाली ओट्यावर बसलेलीच होती.

बाईचं म्हणणं सरळ होतं. कळलावी तुमची. मूळ तुमच्या घरात, फुलं आमच्या घरात. तुमच्या घरात दोन तरण्या सुना असून श्रावणापासून आवाज नाही, हे जगात कुठं ऐकलंय? म्हणजे तुमच्या घरची सगळी कळ वेलीवरून भिंत ओलांडून आमच्याकडं उतरली. माझा लेक गेला. वेल आज उपटा.

मी आतून ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं पटलं. आम्ही भांडण गिळलं नसतं तर तिनं वेलीकडं बघितलंही नसतं. अक्का माझ्या शेजारी उभी होती, दाराची कडी धरून.

सासूबाईंना ती वेल आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त नको होती. पण दुसरीनं दारात येऊन उपटा म्हणायचं, हे त्यांना चालणारं नव्हतं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्यात हिला कळलावी म्हणतच नाहीत. अक्कतंगी म्हणतात. बहिणी-बहिणींची वेल आहे ती. माझ्या सुना बघा, एकमेकींना चिमणी म्हणून हाक मारतात."

"कोण म्हणतं?"

"ही बसलीय की. हिला कानडी येतं." आणि सासूबाई दूधवालीकडं वळल्या. "सांग गं, गूबी म्हणजे काय?"

अक्काच्या हातातली कडी वाजली. दूधवालीनं पदरानं तोंड पुसलं, सावकाश. आमच्या दाराकडं एकदा बघितलं.

"पाखरू हाय की, बाई. झाडावर बसतंय ते."

"आणि ह्या दोघींचं बोलणं कसं असतं, सांग हिला."

"ते काय सांगू? उठून जावंसं वाटत न्हाय बगा. माझी पुढची गिऱ्हाइकं वरडत्यात, पर मी हितंच."

ह्यात एक शब्द खोटा नव्हता. शेजारीण पुटपुटत गेली. सासूबाईंनी पलीकडच्या फांद्या ओढून आमच्या बाजूला घेतल्या आणि सुतळीनं बांधल्या. आजचा हा तंटा धरायचा की नाही, असं विचारायची आमची छाती नव्हती. दूधवाली जाताना मला कानडीत एवढंच म्हणाली, की पोरींनो, जरा थांबून थांबून भांडत जा, माझं काही काही ऐकायचं राहतं.

दोन वर्षांनी भाद्रपदात माहेरी भावाच्या मुलीचं बारसं होतं. विहीणबाईंनीही यावं असा निरोप आला आणि सासूबाई पहिल्यांदाच मैंदर्गीला निघाल्या. गाडीनं अक्कलकोट रोडला उतरलो, पुढं बैलगाडी. वाटेत त्या खुशीत होत्या. रानात कुंपणावर वेल दिसली की आम्हाला दाखवायच्या, ती बघा तुमची अक्कतंगी.

बारशाला घर बायकांनी भरलेलं. सगळ्या कानडी बोलणाऱ्या. सासूबाईंना मानानं पाळण्याशी बसवलं. पोर गोरीपान, डोळे मोठे. सासूबाई पाळण्यात वाकल्या, तिच्या हनुवटीला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं माझी गूबी गं ती."

पाळण्याची दोरी ओढणारीचा हात थांबला. तान्ह्या लेकराला बारशाच्या पाळण्यात घुबड म्हणणं म्हणजे काय, हे मराठी माणसालाही सांगायला नको. भावजयीचा चेहरा उतरला. आमची काकू, तिला मराठी चांगलं येई, ती हळूच म्हणाली, "विहीणबाई, लेकराला घुबड का म्हणालात?"

सासूबाईंनी मान वर केली. आधी काकूकडं बघितलं, मग अक्काकडं, मग माझ्याकडं. अक्का खाली बघत होती. सगळं मिळून पापणी लवण्याइतकाच वेळ गेला असेल.

"दृष्ट लागू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "इतकी देखणी पोर. आमच्या बार्शीकडं देखण्या लेकराला आधी असंच काहीतरी म्हणतात, मग नाव ठेवतात."

बायकांनी माना डोलावल्या. भावजय हसली. काकू तर म्हणाली, बघा, जुनी माणसं सगळं जाणतात. आणि दोन-तीन म्हाताऱ्या पुढं होऊन पोरीला गूबी म्हणून गेल्या. ती पोर पुढं शाळेत गेली, तिचं लग्न झालं, तरी माहेरच्या गल्लीत तिला गूबीच म्हणत.

परतीच्या वाटेवर सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बैलगाडीत नाही, स्टेशनात नाही, आगगाडीत नाही. वेलीवाल्या कुंपणांकडं त्यांनी बघितलंही नाही. अक्का माझ्या शेजारी पाय दुमडून बसली होती. होटगी गेल्यावर ती कानडीत पुटपुटली, आता कंद फडक्यात बांधून ठेवायला हवा, तू घेऊन जाशील का मैंदर्गीला परत? पहिल्यांदाच ती हसत नव्हती. मी म्हटलं, बघू.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. सासूबाईंनी पाय धुतले, कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि परसात गेल्या. आम्ही मागं. वेल त्या दिवशी भरून फुलली होती. त्या बुडाशी उकिडव्या बसल्या. अक्का भिंतीला टेकली.

"दोन वर्षं," सासूबाई म्हणाल्या, वळून न बघता. "दोन वर्षं माझ्यासमोर भांडलात तुम्ही."

अक्का म्हणाली, "होय, आत्याबाई."

"रोज?"

"बहुतेक."

सासूबाई खुरप्यानं माती टोकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, ह्या घरात तंटा झाला तर उपटीन. मला समजला नाही, तो तंटा झाला असं मी कसं म्हणू? मी तर गावभर सांगितलं की होत नाही." आणि त्यांनी बुडाजवळचं हरळीचं एक तण मुळासकट काढून माझ्या हातात दिलं. "हे टाक उकिरड्यावर. गूबी कुठली."

आता हे गूबी त्या चिमणीचं म्हणाल्या की घुबडाचं, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी प्रवासाचं गाठोडं सोडलं ते तसंच चुलीच्या वाटेत टाकलं. तव्यावर भाकरी टाकून अक्का काठवटीत आणखी पीठ घेऊन येताना त्यात अडखळली. तिनं काठवट खाली ठेवली आणि ती मला मराठीत बोलली. मोठ्यानं, नीट, आईपासून सुरू करून माझ्या पसाऱ्यापर्यंत सगळं, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. मीही मराठीतच उत्तर दिलं, तेवढ्याच मोठ्यानं. आमचं आम्हालाच ते परकं वाटत होतं, मराठीत शिव्या शोधाव्या लागत होत्या. भिंतीपलीकडं शेजारणीचं भांडं घासणं थांबलं.

ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, "तव्यावरची करपतेय. आधी ती उलथा, मग भांडा."